दोन मिनिटं बोलायची पाळी आली आणि मी उठून गेलो

मला आलेलं एका वाचकाचं पत्र आधी थोडक्यात देते, नाव-गाव काढून टाकलंय.

"काकू, वय ३९. पलूस तालुक्यात नदीकाठाला गाव. आयटीआय करून मोटार रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारीला नवी तार गुंडाळून द्यायचं दुकान टाकलं त्याला १६ वर्षं झाली. दिवाळीत आमच्या दहावीच्या बॅचचं गेट टुगेदर झालं. प्रत्येकानं उठून दोन मिनिटं स्वतःबद्दल बोलायचं होतं. एक हिंजवडीत मॅनेजर, एक दुबईला, एकाची तीन मेडिकल दुकानं. माझी पाळी यायच्या आधी फोन आलाय असं दाखवून बाहेर पडलो ते थेट घरीच आलो. महिन्याला २५-३० हजार सुटतात, सीझनला थोडे जास्त. विट्याकडचा मामेभाऊ कोइमतूरला गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या धंद्यात आहे, गावात तीन मजली बंगला बांधलाय, तो म्हणतो दुकान बंद कर आणि इकडं ये, ४० देतो. बायको काय बोलत नाही. मुलगी आठवीत. पुरानंतर मोटारी करून दिल्या तेव्हा लोक देव म्हणायचे, आता उधारी मागायला गेलं की ऊसबिल आल्यावर बघू म्हणतात. १ लाख ७० हजार उधारी आहे, पण लोक चांगले आहेत, देतील. काकू, मी फेल गेलो का? सक्सेस म्हणजे नक्की काय असतं?"

तुला तू म्हणते, राग मानू नको, माझा भाचा तुझ्याच वयाचा आहे.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि दरवेळी त्याच एका जागी अडले. तू दोन वेगवेगळ्या गोष्टींची एकच गाठ मारलीयस. एक म्हणजे पैसे पुरत नाहीत. दुसरी म्हणजे मला लहान वाटतं. तुला वाटतंय की पहिलं सुटलं की दुसरं आपोआप सुटेल, ४० हजार यायला लागले की पुढच्या गेट टुगेदरला तू छाती काढून उभा राहशील. मी २९ वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी कर्ज खात्यावर, लोकांचे पैसे वाढताना आणि बुडताना दोन्ही बघितलेत, आणि या दोन गोष्टी एका औषधानं बऱ्या झालेल्या मला कधी दिसल्या नाहीत. पैसे पुरत नाहीत हे गणित आहे, ते वही घेऊन बसून सोडवायचं. लहान वाटतं हे गणित नाही, त्याच्याकडं वेगळं बघायला लागतं. म्हणून मी आधी दुसरं घेते, कारण त्याच्यापायी तू दुकान बंद करायला निघालायस.

ते दोन मिनिटांचं बघ. दोन मिनिटात माणूस काय सांगणार, कुठं असतो, पोस्ट काय, पोरं कुठल्या शाळेत, झालं. त्यात कुणाला घाबरवायचं नसतं की कमी लेखायचं नसतं, बिचारे सगळेच तिथं थोडे घाबरलेले असतात. पण त्या दोन मिनिटात कामाचं नाव मावतं, काम मावत नाही. मॅनेजर या शब्दाला नुसतं म्हणलं तरी वजन आहे आणि रिवाइंडिंग म्हणलं की निम्म्या लोकांना तू काय करतोस तेच कळत नाही. म्हणून तू पळालास. मला त्यात तुझा कमीपणा दिसत नाही, फक्त तुझ्या कामाची गोष्ट तुला स्वतःला कधी नीट सांगता आली नाही एवढंच दिसतं.

मी तुला उलट विचारलेलं की पुरानंतर नक्की काय केलंस, तर तू तीन ओळी पाठवल्यास. त्या इथं देते, कारण तुला कळलंच नाही तू काय लिहिलंस ते. "९० च्या वर मोटारी आल्या. त्यातल्या साठ एक नुसत्या खोलून, गाळ धुऊन, वाळवून, मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून चालू झाल्या, त्यांची फक्त धुण्याची मजुरी घेतली. उरलेल्यांना वाइंडिंग केलं."

आता हे मी माझ्या शब्दात सांगते. ऑगस्ट २०१९, सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, धोक्याची पातळी ४५. नदीकाठच्या सगळ्या मोटारी, मोनोब्लॉक, स्टार्टर, पेट्या, सगळं गाळात. पाणी उतरल्यावर प्रत्येक शेतकऱ्याला एकच घाई, मोटार चालू होते का बघू. आणि ओली मोटार तशीच चालू केली की संपली, वाइंडिंग जळून जातं. तू गावभर सांगत फिरलास की बटण दाबू नका, आधी माझ्याकडं आणा. मग खोलून बघितलं, वाळवलं, मेगर लावून इन्सुलेशन चेक केलं आणि जी वाचत होती ती वाचवली. त्या साठ माणसांना कुणालाच मेगर वाचता येत नव्हता. जळालीय म्हणला असतास तर साठ वाइंडिंगची बिलं झाली असती आणि कुणाला कधी कळलंही नसतं. म्हणजे ज्या महिन्यात तुझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी कमाई होऊ शकत होती त्याच महिन्यात तू खरं बोललास, आणि तेही पूर ज्यांच्या घरात शिरलाय अशा माणसांशी, आणि पत्रात त्याला तू अर्धी ओळ दिलीस.

किर्लोस्करवाडी तुझ्याच तालुक्यात आहे, १९१० साली माळरानावर, निवडुंग तोडून उभी राहिलेली. तिथं तयार झालेला पंप देशभर जातो आणि आपल्याला त्याचा अभिमान आहे, असायलाच पाहिजे. पण तोच पंप रात्रीच्या लाईटीच्या पाळीत एक फेज गेल्यामुळं मोटार जळून बंद पडला आणि ऊस पाण्यावर आलेला असला की माणूस वाडीला जात नाही, तुझ्या घराचं दार वाजवतो. बनवणाऱ्याचं यश आणि चालू ठेवणाऱ्याचं यश ही दोन्ही यशंच आहेत, फक्त दुसऱ्याचा फोटो कुठं लागत नाही.

आता माझं एक सांगते, हे मी आजवर फारसं कुणाला सांगितलं नाही. बँकेत माझ्या टेबलापुढं दोन खुर्च्या असायच्या. कुणाला बसा म्हणायचं याचा काही नियम नव्हता, पण माझा होता. ज्याची एफडी मोठी त्याला बसा. बाकीचे उभे. मी हे ठरवून करत नव्हते, आणि तेच वाईट आहे, ते हातात बसलेलं होतं. माझे वडील एसटीच्या वर्कशॉपात फिटर. रिटायर झाल्यावर एकदा पेन्शनच्या कसल्यातरी कागदासाठी ते माझ्याच ब्रँचला आले, मला न सांगता, मुलीच्या ओळखीनं काम करून घ्यायचं नाही म्हणून. मार्च एंडची गर्दी. टेबलाजवळ कुणीतरी येऊन उभं राहिलं, मी मान वर न करता थांबा जरा म्हणलं, तर वरून आवाज आला, "चालंल बाई, थांबतो." बाई म्हणले ते मला. त्यांना वाटलं ऑफिसात असंच म्हणायचं असतं. मी वर बघितलं. खुर्ची रिकामी होती आणि ते उभे होते.

त्यानंतर मला दोन प्रमोशन मिळाली, निरोप समारंभाला शाल, श्रीफळ, चार भाषणं, सगळं झालं. त्या सगळ्यापेक्षा माझ्या नोकरीतली कुठली गोष्ट मला स्वतःची वाटते म्हणशील तर त्या दिवसानंतर माझ्या टेबलापुढं कुणी उभं राहिलं नाही, ही. याचं कुणी सर्टिफिकेट दिलं नाही, देणारही नाही, आणि कुणाला त्याची माहितीही नाही, आता तुला सांगितलं म्हणून तुला. पण रात्री झोपताना आपलं आपल्याला कळतं कुठली गोष्ट खरी आपली होती. पगार तेव्हा गरजेचा होता, त्यावर दोन पोरं शिकली, वडिलांचं दवाखान्याचं झालं, पगाराला मी कधी नावं ठेवणार नाही. तो मी मिळवला. पण मी कोण होते हे पगारानं ठरलं नाही, त्या खुर्चीनं ठरलं, आधी वाईट बाजूनं आणि मग बऱ्या.

मामेभावाबद्दल मात्र नीट बोलते, कारण गलाईवाल्यांना नावं ठेवलेली मला चालत नाहीत. मी विट्याला चार वर्षं होते. खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, सगळा दुष्काळी पट्टा. टेंभू सिंचन योजनेचं पाणी आत्ता आत्ता आलंय, त्याच्या आधी तिथला पोरगा शाळा संपली की केरळ नाहीतर तमिळनाडू नाहीतर यूपीतल्या कुठल्यातरी सराफ पेठेत जायचा, पावण्याच्या दुकानात राहायचा, खायचा आणि जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं शिकायचा. भट्टीची धग, ॲसिडचा धूर, दहा बाय दहाची खोली. त्या पोरांनी पाठवलेल्या पैशावर तिथली गावं टिकली, शाळा-देवळं झाली, बहिणींची लग्नं झाली. त्यामुळं त्याचा बंगला हा त्याच्या घामाचा आहे आणि तू त्याच्यावर जळू पण नकोस आणि त्याला पोकळ पण म्हणू नकोस.

पण मी त्या बंगल्यांना तारण म्हणून व्हॅल्युएशनला पण गेलेय, म्हणून आतलं सांगते. तीन मजले, खाली मार्बल, वर झुंबर आणि स्वयंपाकघरात गॅसची शेगडी खोक्यातच. वर्षातनं जत्रेला आठ दिवस उघडतो. बाकी म्हातारी आई मागच्या खोलीत राहते कारण पुढचा हॉल झाडायला तिला होत नाही. एक कस्टमर मला म्हणलेले, मॅडम, मी घर बांधलं पण घरी राहायचं राहूनच गेलं. ते रडत नव्हते, साधं बोलता बोलता म्हणले. तुझा मामेभाऊ तुला बोलवतोय ते तुझ्या भल्यासाठीच, यात शंका नाही, पण कदाचित त्याला तिथं आपलं माणूस पण पाहिजे असेल. कधी फोनवर निवांत विचार त्याला, बाबा तू कसा आहेस म्हणून, पैशाचं सोडून.

बरं, आता गणित.

इथं तू मला आवडला नाहीस. इतका वेळ कौतुक केलं म्हणून हे पण ऐकून घे. महिन्याला २५-३० हजार सुटणाऱ्या माणसाची १ लाख ७० हजार उधारी म्हणजे सहा महिन्यांची कमाई लोकांच्या घरात पडलीय. आणि त्यात तुझी नुसती मजुरी नाही, तांब्याची तार आहे, वॉर्निश आहे, बेअरिंग आहे, ज्याचे पैसे तू दुकानदाराला कधीच देऊन बसलायस. म्हणजे तू मोटार दुरुस्त करतोस आणि वर गावाला बिनव्याजी कर्ज पण देतोस. मी कर्ज खात्यावर बसलेली बाई आहे, मला हे दिसतंच. आणि पत्रात त्याच्यापुढं काय लिहिलंस, लोक चांगले आहेत. असतील. चांगलेच आहेत. पण तुझ्या चांगुलपणाचे पैसे कोण भरतंय ते तू लिहिलं नाहीस.

साताऱ्याची गोष्ट तुला माहीत आहे, आपल्याकडं कुणाला माहीत नाही, २२ सप्टेंबरला कर्मवीर जयंतीला दरवर्षी भाषणं व्हायची आणि आम्ही मुली पुढच्या रांगेत बसून ऐकायचो. भाऊराव पाटलांनी १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्याला बोर्डिंग आणलं, सगळ्या जातीची पोरं एका पंगतीला. आणि पोरांना खायला घालायला काही नाही अशी वेळ आली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी एक एक करत दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्र पण. लहानपणी मला ती गोष्ट भाऊरावांची वाटायची. आता वय झाल्यावर ती मला लक्ष्मीबाईंची वाटते. एका माणसाच्या मोठेपणाचं बिल घरातल्या दुसऱ्या माणसाच्या गळ्यातून भरलं गेलं, आणि त्या माउलीनं ते समजून उमजून, त्या पोरांना आपली मानून, स्वतःच्या हातानं काढून दिलं. म्हणून ते मोठं आहे.

तुझ्या बायकोला तू विचारलंस का?

तू लिहितोस बायको काय बोलत नाही. काय बोलत नाही म्हणजे तिचं म्हणणं काय नाही असं नसतं बाबा. १ लाख ७० हजारात तिची काय काय कामं अडलीत तुला माहीत आहे का? कदाचित तिला काहीच वाटत नसेल, कदाचित ती अभिमानानं माहेरी सांगत असेल की आमच्या ह्यांनी पुरात अशा अशा मोटारी वाचवल्या, आणि कदाचित ती तीन वर्षं एखादी गोष्ट मनात धरून बसली असेल. मला माहीत नाही आणि तुलाही माहीत नाही, आणि मामेभावाला हो किंवा नाही म्हणायच्या आधी तुला ते माहीत असायला पाहिजे.

म्हणून असं कर. उधारीची वही काढ आणि दोन भाग कर, मटेरियल किती आणि मजुरी किती. आजपासून तार आणि पार्ट रोख, मजुरी वाटलं तर बिलावर. हे दुकानात मोठ्या अक्षरात लिहून लाव म्हणजे प्रत्येकाला तोंडानं सांगायला नको, तुला ते जमणार नाही हे मला पत्रावरनंच कळलं. ऊस उत्पादकाची अडचण खरी असते, कायद्यानं चौदा दिवसात मिळायचं बिल कधी कधी महिने लांबतं आणि तुकड्या तुकड्यात येतं, त्याला तू समजून घेतोस ते बरोबरच आहे, पण तांब्याचा दुकानदार तुला समजून घेतो का? मजुरीचं थांबणं ही तुझी मदत झाली, तारेचं थांबणं म्हणजे तू बुडणं झालं. जुनी उधारी एकदम मागू नको, प्रत्येकाकडं जाऊन आकडा दोघांनी मिळून वहीत लिहा, त्याची सही घे, आणि म्हण या सीझनला अर्धं दे. लाजू नको. सही घेतल्यानं माणूस तुटत नाही, उलट आकडा मिटला की वाटेत दिसल्यावर तोंड चुकवायचं दोघांचं बंद होतं. रात्री-अपरात्री जावं लागतं त्याचे वेगळे पैसे घे. तू डॉक्टरसारखाच उठून जातोस की.

अजून एक, बँकवाली म्हणून. तुझं काम करंटचं आहे. बँकेत जाऊन वर्षाला २० रुपयांचा तो अपघात विमा आणि ४३६ चा जीवन विमा काढलायस का? नसेल तर सोमवारी पहिलं ते काम. दोन्हीत दोन-दोन लाखाचं कव्हर असतं. खूप नाही, पण मुलगी आठवीत आहे.

हे सगळं करून एक वर्ष बघ. मामेभावाच्या ४० मधून तिथली खोली, खाणं, येणं-जाणं आणि इथं बायकोवर एकटीवर पडणारं सगळं वजा केलं की हातात आत्तापेक्षा किती जास्त उरतात ते कागदावर मांड, मला वाटतं फार नाही उरणार, पण मी चुकत असेन तर तुझा कागद खरा. आणि वर्षभरानं वाटलं की नाहीच भागत, मुलीचं कॉलेज दिसतंय, तर जा की कोइमतूरला, त्यात काही हरणं नाही, हजारो माणसं गेलीत. माझं म्हणणं एवढंच आहे की आज तू ४० हजारासाठी जायला निघालेला नाहीस, त्या दोन मिनिटांसाठी निघालायस. आणि १६ वर्षांचं दुकान, हाताला आलेलं काम, अंधारात मोटारीचा आवाज ऐकून बेअरिंग गेलंय की बुश गेलंय सांगणारा कान, एवढं सगळं दोन मिनिटांवरनं मोडायचं नसतं.

फेल गेलो का विचारलंस. नाही. ज्या माणसाच्या शब्दावर साठ जणांनी आपल्या मोटारी सोडल्या आणि ज्यानं तो शब्द मोडला नाही तो फेल गेलेला नसतो. पण घरच्या माणसाला न विचारता चांगला राहिलास, तेवढं विचारायचं राहिलंय, ते आता कर.

आज दुकान जरा लवकर बंद कर. जेवणं झाली, मुलगी अभ्यासाला बसली की वही घेऊन बायकोपुढं बस, चहा तू कर, आणि पहिल्या पानापासून वाचून दाखव, कुणाचे किती, कशाचे, कधीचे. मग तिला विचार की यातले कुठले सोडायचे आणि कुठले आणायचे. मध्ये बोलू नको, तिला बोलू दे. आणि ती काय म्हणली ते मला लिही, मी वाट बघतेय.

तुझी काकू
सांगली